कोळशाच्या तेलातला नायट्रोजन काढणार म्हणता. पण टाकणार कुठे?

(पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा. पण चंद्रपूर, भद्रावती, वरोरा, घुग्गुस, वणी, राजुरा या पट्ट्यात राहत असाल तर दहा मिनिटं काढून वाचाच.)

"कोळशापासून स्वच्छ इंधन." हे तीन शब्द आता आपल्याकडे भूमिपूजनापासून वाढदिवसाच्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे दिसतात. कोळसा जाळला की धूर होतो, म्हणून तो जाळायचा नाही. त्याचा वायू करायचा, तेल करायचं, ते गाडीत भरायचं. आयात कमी, प्रदूषण कमी, पोरांना नोकऱ्या. टाळ्या.

माझा टाळ्यांना विरोध नाही. माझा प्रश्न एकाच शब्दाबद्दल आहे: "स्वच्छ". हे तेल स्वच्छ करताना त्यातून जी घाण निघते, ती जाते कुठे? आणि त्या घाणीत एक गोष्ट अशी आहे जिचं नाव मी आजवर एकाही भाषणात ऐकलं नाही. नायट्रोजन.

मी काही केमिकल इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, तालुक्याच्या बातम्या देणारा माणूस आहे. पण ज्या गोष्टीचे परिणाम आपल्या विहिरीत आणि छातीत उतरणार आहेत, ती समजून घ्यायला डिग्री लागत नाही. वाचावं लागतं. मी वाचलं. जे समजलं ते साध्या भाषेत मांडतो.

आधी पार्श्वभूमी

आपला देश कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. कोळसा मात्र आपल्याकडे भरपूर. म्हणून केंद्र सरकारने २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचं गॅसिफिकेशन करायचं उद्दिष्ट ठेवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. या योजनेच्या नकाशावर आपल्या जिल्ह्यातल्या भद्रावतीचंही नाव आहे. म्हणजे हा विषय दिल्लीचा नाही, आपल्या उंबरठ्यावरचा आहे.

कोळशापासून इंधन करायचे मुख्य रस्ते दोन. पहिला, कोळशाचा आधी वायू करायचा आणि त्या वायूपासून मिथेनॉल, डिझेल वगैरे बनवायचं. दुसरा, कोळसा दळून तेलात कालवायचा आणि प्रचंड दाबाखाली हायड्रोजन देऊन सरळ त्याचंच तेल करायचं. हा दुसरा रस्ता जर्मनीच्या फ्रीड्रिख बर्गियसने शंभर वर्षांपूर्वी दाखवला. त्याला १९३१ चं नोबेल मिळालं, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची विमानं बऱ्याच अंशी अशा पेट्रोलवर उडाली. तेव्हा धुराड्याच्या बाजूला कोण राहतं, हे विचारायची सोय नव्हती. आज आहे. निदान कागदावर तरी आहे.

कोळशात नायट्रोजन येतो कुठून?

कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं जंगल. झाडात नायट्रोजन असतो, म्हणून कोळशातही असतो. साधारण एक ते दोन टक्के. हा हवेतल्या नायट्रोजनसारखा मोकळा नसतो, तर कार्बनच्या कड्यांमध्ये पक्का गुंफलेला असतो. १८३४ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने कोळशाच्या डांबरातून ॲनिलिन आणि क्विनोलीन वेगळं केलं, ती याच कुळातली रसायनं. पुढे ॲनिलिनपासून कृत्रिम रंगांचा अख्खा धंदा उभा राहिला.

रंगवाल्यांना जे सोनं वाटलं, ते इंधनवाल्यांची डोकेदुखी झालं. कोळशापासून सरळ काढलेल्या तेलात नायट्रोजनचं प्रमाण जमिनीतून निघणाऱ्या साध्या कच्च्या तेलाच्या कितीतरी पट असू शकतं. असं तेल टाकीत ठेवलं की काळपट पडतं, त्यात डिंकासारखा चिकट गाळ धरतो, फिल्टर चोक होतात. जाळलं तर त्यातल्या नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड बनतात. आणि रिफायनरीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट म्हणजे, या नायट्रोजनचा बराचसा भाग अल्कधर्मी असतो. पुढच्या टप्प्यातला आम्लधर्मी कॅटलिस्ट त्याच्यामुळे निकामी होतो. दुधात लिंबू पडावं तसं. म्हणून आधी नायट्रोजन काढायचा आणि मगच पुढचं पेट्रोल-डिझेल. त्याला पर्याय नाही.

काढतात कसा, आणि महाग का पडतो?

तेल आणि हायड्रोजन एकत्र तापवून, दाबाखाली निकेल-मॉलिब्डेनमच्या कॅटलिस्टवरून सोडतात. तापमान साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअस, दाब हवेच्या शंभर पटींहून जास्त. नायट्रोजन हायड्रोजनला चिकटतो आणि अमोनिया होऊन बाहेर पडतो.

सल्फरही असाच काढतात. पण सल्फर त्या मानाने गरीब गाय. त्याच्या बाबतीत कडी आधी हायड्रोजनने न भरताही सरळ सल्फर उपटून काढता येतो, त्याला हायड्रोजनचे दोन रेणू पुरतात. नायट्रोजन तसा निघत नाही. आधी त्याची कडी हायड्रोजनने भरावी लागते, मग बंध तुटतो. क्विनोलीनच्या एका रेणूतला एक नायट्रोजन काढायला कागदावर हायड्रोजनचे किमान चार रेणू लागतात. प्रत्यक्षात शेजारची कडीही भरली जाते, तेव्हा सात.

हा फरक लक्षात ठेवा. कारण पुढचा सगळा खर्च, सगळा धूर आणि सगळं पाणी या हायड्रोजनच्या मागून येतं.

आता माझा मूळ प्रश्न: गेला कुठे?

शाळेतलं गणित आहे. हजार टन तेलात एक टक्का नायट्रोजन असेल तर तो झाला १० टन. त्याचा अमोनिया होतो सुमारे १२ टन. चीनमध्ये ऑर्डोस इथे शेनहुआ कंपनीचा असा कारखाना २००८ च्या अखेरीस सुरू झाला, क्षमता वर्षाला १०.८ लाख टन तेलाची. तेवढा कारखाना आपल्याकडे आला आणि तेलात अर्धाच टक्का नायट्रोजन धरला, तरी वर्षाला साडेसहा हजार टन अमोनिया. एक टक्का धरला तर तेरा हजार.

हा अमोनिया पाण्यात धुऊन काढतात. त्या पाण्यात फक्त अमोनिया नसतो. हायड्रोजन सल्फाइड असतं, फिनॉल असतात, कोळशाच्या कारखान्यात सायनाइडही असू शकतं. त्याला सावर वॉटर म्हणतात. नीट प्रक्रिया केली तर अमोनिया वेगळा होतो, त्याचं अमोनियम सल्फेट खत करता येतं, विकताही येतं. मी हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे कोणी म्हणायला नको की हा एकच बाजू सांगतो. जगभरातल्या कोक भट्ट्यांनी वर्षानुवर्षं हे खत विकलं आहे. तंत्र आहे. पण तंत्र असणं वेगळं आणि रात्री अडीच वाजता, पाऊस सुरू असताना, ते यंत्र चालू असणं वेगळं. नाल्याकाठी राहणाऱ्यांना हा फरक माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. आणि अमोनिया माशांसाठी अगदी थोड्या प्रमाणातही जहर असतो.

दुसरं, कॅटलिस्ट. तो कायम टिकत नाही. त्यावर कार्बन चढतो, धातू बसतात, मग तो बदलावा लागतो. वापरून झालेला कॅटलिस्ट हा आपल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. तो किती निघणार आणि कोणत्या गाडीने कुठे जाणार?

"नायट्रोजन काढला म्हणजे गाडीतून विषारी धूर नाही." खरंच?

हे वाक्य ऐकायला गोड आहे, आणि अर्धवट आहे. डिझेल इंजिनातून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडचा मोठा भाग इंधनातून येतच नाही. तो हवेतून येतो. इंजिनात तापमान इतकं वाढतं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना भिडतात. इंधनातला नायट्रोजन शून्यावर आणला तरी ते थांबत नाही.

विश्वास नसेल तर कोणत्याही नव्या ट्रकच्या ड्रायव्हरभाऊला विचारा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी टाकी आली. त्यात ३२.५ टक्के युरियाचं पाणी टाकावं लागतं. ते कशासाठी? सायलेन्सरमधून जाणारे नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठीच. म्हणजे गाडीचा धूर साफ करायचं काम त्या निळ्या टाकीचं. तेलातला नायट्रोजन काढतात तो मुख्यतः रिफायनरीचा कॅटलिस्ट वाचावा आणि तेल टाकीत नासू नये म्हणून. ते गरजेचंच आहे. पण त्याला "पर्यावरणाची सेवा" म्हणून आमच्या गळ्यात मारू नका.

हायड्रोजन आणि पाणी

आता तो हायड्रोजन. चार रेणू, सात रेणू म्हणालो, तो काही आभाळातून पडत नाही. कोळशाच्या कारखान्यात तो बहुतेक कोळशापासूनच बनवतात. एक किलो हायड्रोजनमागे सुमारे १८ ते २० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि नायट्रोजन हा हायड्रोजनचा एकच गिऱ्हाईक आहे. कोळशाचं तेल करायला, त्यातला ऑक्सिजन आणि सल्फर काढायला, तेल हलकं करायला, सगळ्याला हायड्रोजनच लागतो. कोळसा स्वच्छ करण्यासाठी आणखी कोळसा. दक्षिण आफ्रिकेतलं सासोलचं सेकुंडा बघा. तिथला रस्ता पहिला, म्हणजे वायूवाला. त्याची गणना जगातल्या सगळ्यात जास्त कार्बन सोडणाऱ्या एकेकट्या कारखान्यांत होते, वर्षाला ५ कोटी टनांहून अधिक. तिथून निघणारं डिझेल अगदी स्वच्छ असतं. पंपावर.

पाण्याचं उदाहरण परत ऑर्डोसचं. कोरडा मुलूख, आणि कारखान्याला पाणी जमिनीतून. २०१३ मध्ये ग्रीनपीसने अहवाल काढला की या उपशामुळे भूजल खाली गेलं आणि शेतकरी-मेंढपाळ अडचणीत आले. पुढच्या वर्षी कंपनीने तो उपसा टप्प्याटप्प्याने बंद करायचं मान्य केलं. चीनसारख्या देशात हे घडलं, म्हणजे प्रकरण किती गेलं असेल विचार करा. आपल्याकडे इरई धरणाचं पाणी वीज केंद्रालाही लागतं आणि चंद्रपूर शहरालाही. मे महिन्यात त्या धरणाची पातळी बघायला आपण सगळे पेपर उघडतो. त्यात तिसरा वाटेकरी येणार असेल तर तो किती पिणार, हे आधी कळायला नको?

"पण आता नवं तंत्रज्ञान आलंय"

आलंय. तेही वाचलं. आम्लाने धुऊन अल्कधर्मी नायट्रोजन काढता येतो. विशिष्ट द्रावकांनी काढता येतो. आयोनिक लिक्विड नावाच्या द्रवरूप क्षारांनी काढता येतो, शोषून घेणाऱ्या पदार्थांनी काढता येतो. या पद्धतींत हायड्रोजन कमी लागतो, हे खरं. संशोधकांचं कौतुकच आहे. पण नायट्रोजन ज्या रेणूत आहे तो अख्खा रेणू इथे बाहेर येतो. म्हणजे त्याच्यासोबत तेलही जातं, आणि उरतो नायट्रोजनने गच्च भरलेला डांबरी गाळ. त्याचं काय करायचं हा प्रश्न तसाच. आणि कार्बाझोलसारखी जी नायट्रोजनयुक्त रसायनं अल्कधर्मी नसतात, ती आम्लाला दाद देत नाहीत.

पहिल्या रस्त्यात, म्हणजे आधी वायू करण्यात, नायट्रोजनचा त्रास खूप कमी आहे हेही मान्य. वायू धुतानाच तो अमोनिया म्हणून निघतो, नंतरच्या डिझेलमध्ये जवळपास नसतोच. पण धुतलेलं पाणी? ते तिथेही आहेच. रस्ता कोणताही घ्या, नायट्रोजन नाहीसा होत नाही. तो फक्त गाडीच्या टाकीतून कारखान्याच्या नाल्यापर्यंत मागे सरकतो. गाडी पुण्या-मुंबईत फिरते. नाला आपल्याकडे असतो.

रोजगाराचं काय?

मागे एका पत्रकार परिषदेत मी नायट्रोजनचा आणि सावर वॉटरचा प्रश्न विचारला. उत्तर मिळालं, "ते टेक्निकल आहे हो, तुम्ही रोजगाराचं विचारा." बाकीचे हसले. दुसऱ्या दिवशी ठळक मथळा, स्वच्छ इंधनातून रोजगार. चहा-समोसा चांगला होता, एवढंच खरं.

ठीक आहे, रोजगाराचंच बोलू. आपल्या पोरांना काम पाहिजे, यात दुमत नाही. खाणीत जमीन गेलेली घरं मी रोज बघतो. म्हणूनच विचारतोय की हे कारखाने टिकणार का? रामगुंडम आपल्याला लांब नाही, बल्लारशाहून काझीपेठच्या गाडीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचतो. तिथे कोळशापासून खत करायचा सरकारी कारखाना १९८० च्या सुमारास सुरू झाला आणि १९९९ मध्ये बंद पडला. ओडिशातल्या तालचेरच्या कारखान्याचंही तेच झालं. आपला कोळसा राखेचा, ३० ते ४० टक्के राख. बाहेरच्या यंत्रांना तो पचत नाही. रामगुंडमला २०२१ मध्ये पुन्हा खत निघायला लागलं, पण आता नैसर्गिक वायूपासून. २००९ मध्ये कोळशापासून तेल करण्यासाठी ओडिशात दोन बड्या उद्योगसमूहांना कोळसा ब्लॉक दिले होते. आकडे अब्जावधी डॉलरचे होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले २१४ ब्लॉक रद्द केले, त्यात तेही गेले. तोवर एक लिटर तेल निघालं नव्हतं.

उद्या नाहीच जमणार असं मी म्हणत नाही. पण ज्या कारखान्याचा स्वच्छतेचा खर्च कागदावर आधी मांडलेला नसतो, तो तोट्यात गेला की पहिली कात्री कशाला लागते? पगाराला नाही. सांडपाण्याच्या प्लांटला. कारण पगार थांबला तर गेटवर मोर्चा येतो. नाल्यातले मासे मोर्चा काढत नाहीत.

आपली पत किती उरली आहे?

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची गुणपत्रिका काढली. ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूरला मिळाले ८३.८८. देशात चौथे. या परीक्षेत जास्त मार्क म्हणजे नापास. २०१० मध्ये अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांवर बंदी घालावी लागली होती. पुढे ती उठली. आपला दमा उठला नाही. २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र, ओपनकास्ट खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न. एवढं सगळं उरावर घेऊन बसलेल्या जिल्ह्याला "स्वच्छ" शब्दाचा हिशेब मागायचा हक्क इतर कोणाहूनही जास्त आहे.

मग करायचं काय?

प्रकल्प नको, असं मी म्हणत नाही. "आधी सांगा, मग करा" एवढंच. उद्या जिथे कुठे कोळशापासून इंधनाचा किंवा रसायनाचा प्रकल्प येईल, तिथे हे पाच प्रश्न विचारा. मोबाइलमध्ये लिहून ठेवा:

१. रोज किती कोळसा, त्यात किती नायट्रोजन, आणि त्यातला किती टन अमोनिया होऊन, किती खत होऊन, किती पाण्यातून बाहेर पडणार?

२. सावर वॉटरचा प्लांट बंद पडला तर कारखाना बंद होणार की पाणी नाल्यात जाणार? साठवायला टाकी किती दिवसांची?

३. हायड्रोजन कशापासून? त्याचा कार्बन डायऑक्साइड कुठे?

४. पाणी कोणत्या नदीतून, उन्हाळ्यात किती, आणि टंचाईत आधी कोणाचं कापणार?

५. वापरलेला कॅटलिस्ट आणि राख कुठे जाणार? ठिकाणाचं नाव सांगा.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. तो मागून घ्या. पण एक गोम आहे. मंजुरी असलेल्या औद्योगिक वसाहतीत प्रकल्प आला तर जनसुनावणीतून सूट मिळायची तरतूद नियमातच आहे. म्हणजे मंडप पडणारच नाही, माइक मिळणारच नाही. तेव्हा वाट बघत बसू नका. परिवेश पोर्टलवर प्रकल्पाचे कागद असतात, ते उतरवून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. ग्रामसभेत ठराव घ्या. सरपंच, नगरसेवक, आमदार, कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांना हे पाच प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही मिळालं तर ती पोच मला पाठवा, बातमी करायची जबाबदारी माझी.

तेलातून नायट्रोजन काढता येतो, हे विज्ञानाने कधीच सिद्ध केलं. काढलेला नायट्रोजन आपल्या पाण्यात येणार नाही, हे सिद्ध करायचं काम कंपनीचं आणि सरकारचं आहे. ते करून दाखवा. पहिला हार मी घालीन.

तोवर फ्लेक्सवर "स्वच्छ" हा शब्द छापताना पुढे कंसात एवढं तरी लिहा: कोणासाठी?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये मुद्द्याला मुद्दा द्या. या क्षेत्रात काम करणारे इंजिनिअर, प्राध्यापक वाचत असतील तर त्यांनी जरूर लिहावं. शिव्या देणाऱ्यांना नेहमीप्रमाणे नमस्कार.